कर्ण कोणी मोजला?

देवळाच्या शिखराची उंची ७.२ मीटर आली आणि त्याच अंगणातल्या दीपमाळेची ७.७ मीटर. दोन्ही गटांचे भागाकार मी स्वतः तपासले होते आणि ते बरोबर होते. अडचण एवढीच होती की आमच्या गावच्या महादेवासमोर उभ्या राहणाऱ्या कोणालाही, अगदी अंगणवाडीतल्या लेकरालाही, दीपमाळ शिखरापेक्षा चांगली दीड मीटर बुटकी दिसते. नववीचा वर्ग वह्यांकडे पाही, मग शिखराकडे पाही, आणि पुन्हा वह्यांकडे. पुस्तकातले उदाहरण चुकले, तर मुले शेवटच्या पानावरचे उत्तर पाहतात आणि मधल्या एखाद्या ओळीत ते कसेबसे जुळवून टाकतात. इथे शेवटचे पान नव्हते. समोर चुना दिलेले शिखर होते आणि ते ऐकायला तयार नव्हते.

मी परभणी जिल्ह्यात, दुधना नदीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावातल्या जिल्हा परिषद प्रशालेत गणित शिकवतो. गेली काही वर्षे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन मी गावातून आणि शिवारातून एक ठरलेली वाट चालतो. या वाटेवर पाच-सहा थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यावर तिथल्याच एखाद्या वस्तूविषयी भूमितीचा एक प्रश्न असतो. मुलांनी या उपक्रमाला ‘गणिताची शिवारफेरी’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. ही कल्पना माझी नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात डडली ब्लेन आणि डग क्लार्क यांनी सहकुटुंब फिरायला येणाऱ्या लोकांसाठी अशी वाट आखली होती. अलीकडे जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या गोएथे विद्यापीठाने २०१२पासून ‘मॅथसिटीमॅप’ नावाचे मोबाइल ॲप विकसित केले आहे, ज्यात जगभरातील शिक्षकांनी नकाशावर थांबे आणि प्रश्न नोंदवलेले आहेत. आम्ही मोबाइल वापरत नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. चौघांमागे एक मोबाइल दिला की एकाच्या हातात तो राहतो आणि तिघे त्याच्या खांद्यावरून डोकावतात, एवढेच कारण आहे.

शिखराकडे परत येतो. पद्धत सर्वांना ठाऊक असलेलीच होती. जानेवारीचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेबारा. एक मीटर लांबीची काठी ओळंब्यात उभी धरली, तिची सावली ८८ सेंटीमीटर भरली. शिखराची सावली देवळाच्या उत्तरेकडील भिंतीपासून कळसाच्या टोकापर्यंत मोजली, ती ६.३ मीटर भरली. सूर्याची किरणे समांतर मानता येतात, म्हणून काठीचा त्रिकोण आणि शिखराचा त्रिकोण को-को कसोटीने समरूप, आणि ६.३ भागिले ०.८८ म्हणजे ७.२. दहावीच्या परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “सर, भित्तीच्या आत किती सावली हाय, ते कामून नाही धरलं?” तिचा मुद्दा असा की कळस भिंतीवर नाही, तो गाभाऱ्याच्या मध्यावर आहे. त्रिकोणाचा पाया कळसाच्या बरोबर खालून सुरू होतो आणि त्याचा पहिला तुकडा देवळाच्या आतच पडतो, जिथे सावली दिसतही नाही. गाभाऱ्याची बाहेरची रुंदी पाच मीटर, तिचे निम्मे अडीच. ६.३ मध्ये २.५ मिळवले, ८.८ झाले, उंची बरोबर १० मीटर आली. दीपमाळेलाही हाच हिशेब लागू होता, फक्त तिचे जोते गोल आणि लहान. सुतळी गुंडाळून परीघ ३.७७ मीटर मोजला, त्यावरून त्रिज्या ०.६ मीटर काढली, ती सावलीच्या ६.८ मीटरमध्ये मिळवली आणि ७.७ची ८.४ झाली. डोळ्यांना जे दिसत होते ते आता वहीतही उतरले.

या प्रसंगात मुलांना समरूपता नव्याने कळली असा माझा दावा नाही, ती त्यांना आधीच येत होती. पुस्तकातील आकृतीत काटकोनाची छोटी चौकट काढलेली असते, शिरोबिंदूंना अ, ब, क अशी नावे दिलेली असतात, आणि नेमक्या ज्या बाजू लागणार आहेत त्यांचीच मापे शेजारी लिहिलेली असतात. म्हणजे भूमितीचे अर्धे काम चित्रकाराने करून ठेवलेले असते. देवळासमोर त्रिकोणच नसतो. तो कुठून कुठपर्यंत आहे, त्याचा कोणता कोपरा भिंतीआड दडला आहे, हे ठरवणे हेच तिथले काम. आकडेमोड त्यानंतरची आणि तुलनेने सोपी.

हे मला पहिल्या वर्षी मुळीच कळले नव्हते, म्हणून ती फेरी पूर्ण फसली. मी चौदा थांबे काढले होते, बासष्ट मुले एकाच वेळी बाहेर नेली होती आणि माझ्याकडे मोजपट्ट्या तीन होत्या. पाचव्या थांब्यापासून पुढे एकाच गटाने मोजले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले. नवव्या थांब्यावर बोरांचे झाड होते आणि तिथे गणित संपले. संध्याकाळी वह्या पाहिल्या तेव्हा पाण्याच्या टाकीची उंची बासष्ट वह्यांत दशांशापर्यंत तंतोतंत एकच होती आणि ती साफ चुकलेली होती, कारण मोजणाऱ्याने उन्नत कोन डोळ्याच्या पातळीवरून घेतला आणि आपली स्वतःची उंची मिळवायची राहून गेली. आता चौघांचा गट, सहाच थांबे आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या थांब्यावरून, म्हणजे कोणाच्या मागे कोणी राहत नाही. साहित्यात कापडी टेप, गाठी मारलेली सुतळी, ओळंबा, आणि कोनमापकाला दोरा व नट बांधून केलेले कोन मोजण्याचे साधन. कासरा मात्र कधीही मोजायला वापरू नये. तो ओढला की ताणतो, दवात भिजला की त्याची लांबी बदलते, आणि मुलांच्या ओढाताणीत दर खेपेस वेगळे उत्तर देतो.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीने शिखर मोजले ते सकाळी साडेदहाला, आणि तिथे गोष्ट आणखी पुढे गेली. आदल्या तुकडीकडून ‘अडीच मिळवायचे’ ही गुरुकिल्ली त्यांना आधीच मिळाली होती. काठीची सावली १.२२ मीटर, शिखराची भिंतीपासून ९.१ मीटर, त्यात २.५ मिळवून भागाकार केला तर साडेनऊ मीटर. शिखर एका आठवड्यात अर्ध्या मीटरने खचलेले दिसत नव्हते. “सर, सावली तर तिरपी चाल्ली,” असे एकाने सांगितले आणि ते खरे होते. दुपारी साडेबाराला सावली थेट उत्तरेला, म्हणजे उत्तरेच्या भिंतीला लंब पडते; साडेदहाला ती वायव्येकडे कललेली असते, त्यामुळे भिंतीआडचा तुकडा अडीच मीटरपेक्षा लांब असतो. सावलीची मधली रेषा भिंतीला जिथे भेटते ती जागा भिंतीच्या मध्यापासून १.९ मीटर बाजूला होती. अडीच आणि १.९ या काटकोनातल्या बाजू धरल्या की कर्ण ३.१ मीटर येतो. ९.१ आणि ३.१ मिळून १२.२, त्याला १.२२ने भागले की पुन्हा दहा. सावलीच्या गणितात पायथागोरसचे प्रमेय असे आतून निघाले, मी ते ठरवून ठेवलेले नव्हते.

त्यातूनच प्रश्न आला की सावली भिंतीला बरोबर लंब कधी पडते, आणि घड्याळात बारा वाजता ती तशी का पडत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि परभणी त्याच्या जवळपास पावणेसहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमचा मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सुमारे तेवीस मिनिटांनी यायला हवा, आणि जानेवारीच्या त्या दिवसांत, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे, त्यात आणखी सात-आठ मिनिटांची भर पडते. म्हणून साडेबारा.

हे नुसते सांगण्यापेक्षा आम्ही शाळेच्या पटांगणात दिशा काढून पाहिली. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी पूर्व दिशा निश्चित करण्याची जी रीत दिली आहे, तीच वापरली. सपाट जमिनीत ५० सेंटीमीटर उंचीचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभी रोवायची. तिच्याभोवती दोरीने ७० सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते ती जागा आणि दुपारनंतर ते बाहेर पडते ती जागा, अशा दोन खुणा करायच्या. आमच्याकडे त्या दिवशी पहिली खूण दहा वाजून पाच मिनिटांनी आणि दुसरी तीनला पाच मिनिटे कमी असताना पडली. दोन्ही खुणा जोडणारी जीवा पूर्व-पश्चिम आणि तिचा लंबदुभाजक दक्षिणोत्तर. वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे प्रमेय नववीला असतेच. त्यामुळे लंबदुभाजक खुंटीतूनच जायला हवा. आमचा तो खुंटीच्या शेजारून, दीड सेंटीमीटर अंतरावरून गेला. दोन मुलांनी लगेच वर्तुळ चुकल्याचे जाहीर केले. तिसऱ्याने ओळंबा लावला तेव्हा खुंटीच किंचित कललेली निघाली. जमिनीवर आखलेल्या रेषेने उभ्या खुंटीचा दोष दाखवावा याचे मुलांना फार अप्रूप वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही.

शाळेमागे त्या हिवाळ्यात एका घराचा पाया आखला जात होता, म्हणून एक थांबा तिथे ठेवला. गवंडीमामांनी फक्कीने एक रेषा टाकली, तिच्यावर कोपऱ्यापासून सहा फुटांवर खूण केली, दुसऱ्या दोरीवर आठ फुटांवर खूण केली आणि दोन खुणांमधले अंतर दहा फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहिले. मुलांनी एका सुरात पायथागोरसचे नाव घेतले. मामा म्हणाले, “आमी याला गुण्या काढणं म्हणतो, गुरुजी.” मुलांचे अर्धेच बरोबर होते. पायथागोरसचे प्रमेय ‘कोन काटकोन असेल तर’ या शब्दांनी सुरू होते, आणि मामांकडे काटकोन नव्हता, तो त्यांना मिळवायचा होता. ते वापरत होते तो प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे त्याचे उलटे विधान. प्रमेय आणि व्यत्यास यांच्या दोन वेगवेगळ्या सिद्धता मुलांना कंटाळवाण्या वाटतात, कारण एकच गोष्ट दोनदा का सिद्ध करायची हे त्यांना उमगत नाही. पायाच्या कोपऱ्यावर उभे राहिले की कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला काय हवे आहे, हा फरक दोरीइतका स्पष्ट दिसतो.

तीन-चार-पाच सोडून सहा-आठ-दहा का, असे एकाने विचारले. मामांचे उत्तर होते की लहान मापात ‘फसतं’. आम्ही वर्गात येऊन ते फसणे किती हे काढले. तीन-चार-पाच फुटांच्या त्रिकोणात पाच फुटांच्या मापात एका सेंटीमीटरची चूक झाली, तर कोन पाऊण अंशाहून थोडा अधिक बिघडतो आणि तीस फुटी भिंतीच्या टोकाला ही चूक जवळजवळ पाच इंच होते. सहा-आठ-दहा घेतले की ती निम्मी राहते. मापातील चूक पुढे किती वाढत जाते याचे एकही उदाहरण माझ्या आठवणीत वर्गातल्या भूमितीत येत नाही, आणि बाहेर पाऊल टाकले की पहिली गाठ तिच्याशीच पडते. आमचे कोनमापकाचे साधन एका अंशाने चुकले, तर वीस मीटरवरून ४५ अंशांत पाहिलेल्या टाकीची उंची सत्तर सेंटीमीटरने चुकते. म्हणून आता कोणीही उत्तर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहीत नाही. ही शिस्त मी अनेक वर्षे तोंडी सांगून लावू शकलो नव्हतो.

आता त्या शेताविषयी, ज्यामुळे हे सगळे लिहायला बसलो. सोयाबीन निघाल्यावर गावालगतचे काही तुकडे मोकळे होतात. त्यांतला एक चौकोनी तुकडा आम्ही मोजायला घेतला, अर्थात मालकाला विचारून. चौकोनी म्हणजे चार बाजूंचा एवढेच. कोणताही कोपरा गुण्यात नव्हता. बाजू क्रमाने १५०, १००, १३० आणि ८० फूट. मालकाच्या मते तुकडा साडेअकरा गुंठ्यांचा. त्यांच्या वडिलांपासूनची रीत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा: १४० गुणिले ९०, म्हणजे १२,६०० चौरस फूट, आणि १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा या हिशेबाने ११.५७ गुंठे. गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असतो. मुले हा आकडा पाठ करतात, पण ३३च का हे विचारत नाहीत. जमीन मोजणीची जुनी साखळी ६६ फुटांची, तिच्या निम्म्याचा हा चौरस. अशा दहा चौरस साखळ्यांचा, म्हणजे चाळीस गुंठ्यांचा, एक एकर.

चार गटांपैकी तीन गटांनी चार बाजू मोजल्या आणि झाडाखाली बसून सूत्र शोधू लागले. चौकोनाचे नाव काय लिहायचे, समलंब म्हणायचे की आणखी काही, यावर वाद सुरू झाला. चौथ्या गटातला एक मुलगा टेपचे एक टोक धरून ढेकळांतून तिरका चालत गेला आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर घेऊन आला: १४० फूट. कर्ण मोजायला कोणी सांगितले, असे मी विचारले, तर तो म्हणाला की त्याशिवाय आकृतीच काढता येईना. त्याने कागदावर प्रमाणात आकृती काढायचा प्रयत्न केला होता, आणि चार बाजू ठाऊक असूनही चौकोन कागदावर जागेवर राहत नव्हता. कर्ण आला की दोन त्रिकोण झाले, तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ देणारे, आठवीत शिकलेले हिरोचे सूत्र दोन्हींना लावले, ६,७७१ आणि ५,११७ मिळून ११,८८८ चौरस फूट. म्हणजे जेमतेम ११ गुंठे, नेमके सांगायचे तर १०.९.

बातमी आमच्या आधी घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ते गृहस्थ शाळेत हजर. “गुरुजी, लेकरायनं माझा अर्धा गुंठा खाल्ला की.” चेहऱ्यावर हसू होते, पण आमच्याकडे बांधावरून काय काय होते हे ठाऊक असल्यामुळे मी ते फारसे हसण्यावारी नेले नाही. त्यांना वर्गात बोलावले आणि मुलांनी लाकडी पट्ट्या खिळ्यांनी सैल जोडून केलेला चौकोन दाखवला, १५, १०, १३ आणि ८ सेंटीमीटर बाजूंचा. तो हाताने दाबला की चेपतो, चारही बाजू जशाच्या तशा राहतात आणि आतली जागा कमी होते. मुलांनी फळ्यावर दुसरे गणित मांडले: बाजू त्याच, पण कर्ण १४० फुटांऐवजी ११० फूट असता तर? उत्तर ९,८८१ चौरस फूट, नऊ गुंठ्यांहून किंचित जास्त. त्याच चार बाजूंवर जवळपास दोन गुंठ्यांचा फरक, आणि सरासरीची रीत मात्र दोन्ही वेळा साडेअकराच सांगणार. ही रीत काटकोनी आयत सोडला तर नेहमी जास्तच उत्तर देते, कमी कधीच नाही. ते थोडा वेळ पट्ट्यांचा चौकोन दाबून पाहत राहिले आणि म्हणाले, मग खुरपणीचे पैसे आपण दरसाल जास्तीचे दिले म्हणायचे.

ही सरासरीची रीत अडाणी नाही, तिला फार जुना वंश आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात ती दिली आहे आणि तिथेच तिला ‘स्थूल’ म्हणून बाजूला ठेवून ‘सूक्ष्म’ क्षेत्रफळाचे निराळे सूत्र सांगितले आहे. मात्र ते सूक्ष्म सूत्रही चौकोनाचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील तरच बरोबर ठरते. सगळ्यांत खरमरीत भास्कराचार्य. इ.स. ११५०च्या लीलावतीत त्यांनी म्हटले आहे की लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता चौकोनाचे ठराविक क्षेत्रफळ जो विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा. मुलांना हे इतके आवडले की त्या दिवसापासून अपुरी माहिती असलेल्या प्रश्नाला वर्गात ‘पिशाच्चाचा प्रश्न’ म्हणतात, आणि घटक चाचणीतल्या माझ्याच एका प्रश्नावर कोणीतरी पेन्सिलीने तसे लिहूनही ठेवले होते. तपासले तर बरोबर होते. समांतर बाजू कोणत्या हे मी लिहायलाच विसरलो होतो.

शेत मोजण्याची भूमी अभिलेख खात्याची जुनी शंकुसाखळी पद्धतही मुळात हेच करते. शेतातून एक आधाररेषा टाकायची, प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर काटकोनात लंब घ्यायचे, आणि वेड्यावाकड्या शेताचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन करून बेरीज मांडायची. आमच्या तुकड्याला पुढच्या वर्षीच्या मुलांनी याही रीतीने मोजले.

थांबा निवडणे हे या उपक्रमातले सर्वांत वेळखाऊ काम आहे आणि त्याबाबतीत माझी मते थोडी कडवट झाली आहेत. ‘देवळाच्या दाराला किती काटकोन आहेत?’ हा प्रश्न बाहेर उभे राहून विचारला म्हणून भूमितीचा होत नाही. तो घरी बसूनही सुटतो. मी स्वतःला एकच कसोटी लावतो: त्या जागी गेल्याशिवाय उत्तर निघत असेल तर थांबा रद्द. ‘हौदात किती लिटर पाणी मावते?’ हा प्रश्न लांबी, रुंदी आणि खोली आयती दिली तर वर्गातलाच असतो. काही न देता विचारला, आणि हौदाच्या भिंतीची जाडी बाहेरच्या मापातून वजा करावी लागते हे सांगायचे टाळले, तर तो बाहेरचा होतो. छत्रपती संभाजीनगरचा मकबरा किंवा वेरूळची लेणी अशा ठिकाणी ही फेरी काढावी असे काही सहकारी सुचवतात. जाळीतले अष्टकोन मलाही आवडतात. पण सहलीच्या दिवशी मुलांना बघायला इतके असते की मोजपट्टी पिशवीतून निघत नाही, आणि संरक्षित वास्तूला सुतळ्या गुंडाळू देणार तरी कोण? रोजच्या वाटेवरचा तुटका दगड माझ्या दृष्टीने अधिक कामाचा.

तुटका दगड हे उदाहरण मी वरवर दिलेले नाही. गढीच्या पडक्या भिंतीशी एका जात्याच्या पाळीचा तुकडा पडलेला आहे, अख्ख्या वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान. प्रश्न एवढाच: अख्खे जाते केवढे होते? केंद्र उरलेले नाही, व्यास मोजता येत नाही. काही गट कागदावर कड गिरवून घेतात, दोन जीवा काढतात, त्यांचे लंबदुभाजक जिथे छेदतात तिथे केंद्र. दोन मुलींनी कागद वापरलाच नाही. कडेच्या दोन बिंदूंवर पट्टी ठेवून जीवा ४० सेंटीमीटर मोजली, जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतची उंची १० सेंटीमीटर मोजली, आणि त्रिज्या ‘र’ धरून २० चा वर्ग अधिक ‘र वजा १०’ चा वर्ग बरोबर ‘र’ चा वर्ग असे समीकरण मांडले. र बरोबर २५. अर्धा मीटर व्यासाचे जाते. त्यांतल्या एकीच्या आजीने नंतर तेवढेच जाते घरी आहे म्हणून निरोप पाठवला, आणि आम्ही तेही मोजून आलो. ते ४८ सेंटीमीटर निघाले.

या सगळ्याने गुण वाढतात का, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारला, पालकांनी विचारला आणि तो विचारणे रास्तही आहे. दहावीला भूमितीचा, म्हणजे गणित भाग २चा, पेपर ४० गुणांचा असतो आणि त्यात देऊळही नसते, शेतही नसते. माझ्याकडे दाखवण्यासारखे आकडे नाहीत. फेरीचा एक दिवस म्हणजे चार तासिका जातात आणि त्या इतर विषयांच्या शिक्षकांकडून मागून घ्याव्या लागतात. मी एवढेच पाहिले आहे की फेरी केलेली मुले उदाहरण वाचल्यावर लगेच सूत्र लिहीत नाहीत, आधी आकृती काढतात, आणि आकृती काढताना कुठेतरी अडली तर काय कमी आहे ते विचारतात.

उन्हाळ्यात हे जमत नाही. फेब्रुवारी सरता सरता दुपारी साडेबाराला मुलांना अंगणात उभे करणे शहाणपणाचे नसते आणि मार्चमध्ये परीक्षा असतात. कठडा नसलेल्या विहिरी मी वाटेतून पूर्ण वगळल्या आहेत. एक बारव मात्र यादीत आहे. सेलू तालुक्यातल्या वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची बारव आहे, वरून पाहिले तर पायऱ्या शंखासारख्या वळत खाली जातात. गावकऱ्यांनी ती गाळातून मोकळी केली तेव्हापासून मुले तिथे नेण्याचा आग्रह धरून आहेत. पायऱ्यांवरून चालत खाली गेले तर प्रत्यक्ष किती अंतर चालणे होते, हा प्रश्न मी लिहून ठेवला आहे. त्याचे नीट उत्तर काढायला कोणती मापे घ्यावी लागतील याची यादी मुलांनी करायची आहे, आणि मला स्वतःला ती अजून पूर्ण जमलेली नाही.

त्याआधी जुलै आहे. आमच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्यानंतर लगेच, जेव्हा शाळा बंद असते, आणि एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा आभाळ बंद असते. गेल्या वर्षी मुले खुंटीभोवती सव्वाबारापासून बसून होती. बारा सत्तावीसला ढग थोडेसे फाटले, खुंटीची सावली तिच्या बुडाशी गोळा झालेली क्षणभर दिसली, आणि कोणीतरी टेप काढेपर्यंत पुन्हा झाकोळले. वहीत त्या दिवशीची नोंद ‘सावली: मोजता आली नाही’ अशी आहे आणि तिच्यापुढे दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात ‘मोजायला नव्हतीच’ असे लिहिलेले आहे.